घटांगपुढचा भोंपू

ही बातमी मी कधी छापली नाही.

अमरावतीच्या एका वर्तमानपत्रात मी बरीच वर्षं बातमीदार आहे. संध्याकाळी पान लागायच्या आत जे खरं ठरेल तेवढंच लिहायचं आणि बाकीचं टोपलीत टाकायचं, ही सवय हाडात गेली आहे. एकाच माणसानं सांगितलेलं मी छापत नाही. दुसरा साक्षीदार लागतो.

या गोष्टीला चार साक्षीदार आहेत. त्यातला एक मी.

बाकीचे तिघे हयात आहेत, आपापल्या कामाधंद्यात आहेत. तिघेही यावर बोलत नाहीत. मीही बोलणार नव्हतो.

गेल्या मंगळवारपर्यंत.

घडलं ते १९३८ सालच्या माघात, एका शनिवारी, परतवाड्याहून सेमाडोहला जाणाऱ्या जंगलरस्त्यावर. उन्हं कलायला लागली तेव्हा सुरू झालं...

संपलं कधी, ते मला अजून सांगता येत नाही.

आम्ही चौघे अमरावतीच्या हायस्कुलात एका वर्गात होतो. कमलाकांत पुढे वकील झाला. जानराव तेल्हाऱ्याला घरची कपाशी बघू लागला. कुर्बाननं अकोल्याला मोटारी दुरुस्त करायचा कारखाना काढला. मी, नारायण, वर्तमानपत्रात चिकटलो. वाटा वेगळ्या झाल्या, पण फटफटीचं वेड चौघांनाही एकदमच लागलं होतं. कापसाचा हंगाम ओसरला की माघात एक शनिवार-रविवार काढायचा आणि चार फटफट्या घेऊन कुठं तरी जायचं, हा नेम.

रांगेत जायचाही नेम होता.

सर्वांत पुढे कमलाकांत, कारण त्याला मागे राहणं जमत नसे. त्याच्यामागे मी. माझ्यामागे जानराव. शेवटी कुर्बान. फटफटी दुरुस्त करणारा माणूस शेवटी हवा, म्हणजे पुढचा कुणी बंद पडला तर तो आपोआप त्याच्यापाशी येतो.

पण खुद्द कुर्बान बंद पडला तर?

कच्च्या रस्त्यावर धूळ एवढी की मागे वळून काही दिसत नसे. मग आम्ही भोंपूचा कायदा केला. मोठं वळण आलं की गाडी हळू करायची. शेवटच्यानं आधी भोंपू वाजवायचा. त्याला जानरावनं उत्तर द्यायचं, मग मी, मग कमलाकांत. मागून भोंपू आला म्हणजे सगळे आहेत. मग मागे बघायचं कारण नाही.

हा कायदा मीच सुचवला होता आणि आम्हाला त्याचा अभिमान होता.

प्रत्येकाचा भोंपू वेगळा होता. कमलाकांतचा घोगरा. जानराव रबरी फुगा एकदा दाबला की सोडत नसे. माझा एक आखूड, एक लांब. अमरावतीत मी अंबागेटाच्या आत वळून तो वाजवला की कमलाकांतच्या घरी कुंदावहिनी चहाचं आधण ठेवत.

कुर्बानचा भोंपू भंगारातल्या एका लॉरीचा होता. आतली पितळी जीभ चिरलेली होती. त्यामुळे आवाज वासरासारखा निघे आणि शेवटी फाटे. बडनेऱ्याला स्टेशनसमोर चहा पिताना जानराव त्याला म्हणाला होता, "कुर्बान्या, दूध पाज बे त्याले. उपाशी हाये ते लेकरू."

कुर्बान म्हणाला, "घरी बी एक हाये उपाशी. रात्रभर हेच गाणं."

त्याला मुलगी झाली होती. आठवड्यानं तिचा अकीका होता, नाव ठेवायचं होतं. त्याची बायको अकीला त्याला सोडायलाच तयार नव्हती. रविवारी दिवे लागायच्या आत परत येतो, असा शब्द देऊन तो निघाला होता. नाव मनात ठरलं होतं, पण ते आम्हालाही सांगेना. आधी तिच्या कानात सांगणार, म्हणाला.

परतवाडा सोडल्यावर घाट लागला. सागाची पानं गळालेली. रस्त्यावर त्यांचा खच. चाकाखाली पापड मोडल्यासारखा आवाज. कुठं माणूस नाही, गुरं नाहीत.

दर वळणावर मागून वासरू हंबरत होतं. आम्ही उत्तर देत होतो.

घटांग गाव मागे पडलं. ऊन तांबूस झालं.

घटांगच्या पुढे एक मोठं वळण आहे. तिथं मी गाडी हळू केली. कान मागे लावला.

थोडा वेळ काहीच आलं नाही.

मग भोंपू आला... आणि तो फाटला नाही.

स्वच्छ, गोल आवाज. शेवटपर्यंत.

माझ्या लक्षात आलं, कारण असल्या गोष्टी लक्षात येणं हा माझा धंदा आहे. वाटलं, धूळ बसून चीर बुजली असेल. जानरावनं उत्तर दिलं. मी दिलं. पुढून कमलाकांतनं दिलं. आम्ही पुढे गेलो.

पुढच्या वळणावर पुन्हा भोंपू.

या वेळी तो फाटला... पण सुरुवातीला.

जणू कुणाला ठाऊक होतं की हा आवाज कुठं तरी फाटतो, पण कुठं ते नीट आठवत नव्हतं.

मी मागे पाहिलं. धूळ. धुळीत जानराव. जानरावच्या मागे धूळ.

पुढच्या वळणावर आवाज बरोबर आला. वासरासारखा, शेवटी फाटलेला. मी स्वतःलाच हसलो आणि उत्तर दिलं.

आम्ही सगळ्यांनी उत्तर दिलं.

सेमाडोहच्या जंगल बंगल्यावर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता, पण उजेड होता. कमलाकांतनं आधी कळवून ठेवलं होतं. चौकीदार नत्थुजीनं ओसरीवर चार बाजा टाकल्या होत्या, हंडा तापत ठेवला होता. आम्ही तिघांनी गाड्या बंद केल्या. कानातली धडधड थांबली आणि एकदम जंगलाची शांतता अंगावर आली.

सिपना नदीच्या बाजूनं भोंपू वाजला.

"आलं वासरू," जानराव म्हणाला आणि त्यानं आपल्या भोंपूनं लांबलचक उत्तर दिलं.

आम्ही वाट पाहिली. कुर्बान आला नाही.

पुन्हा भोंपू. आता जवळ. नदीच्या अलीकडे, झाडीच्या कडेला.

जानराव पुन्हा फुग्याला हात घालणार, तेवढ्यात कमलाकांतनं त्याचं मनगट धरलं.

"थांब," तो म्हणाला. "गाडीचा आवाज कुठं आहे?"

तेव्हा मला कळलं, इतका वेळ काय खटकत होतं.

भोंपू येत होता. फटफट येत नव्हती.

जानराव म्हणाला, "उतारावर बंद करून राहिला असन. मजाक करते तो."

पण बंगल्याकडे येताना शेवटी चढ आहे. आम्ही नुकताच चढून आलो होतो. ते जानरावलाही ठाऊक होतं.

नत्थुजी कंदील पेटवून फाटकापर्यंत गेला. बराच वेळ तिथं उभा राहिला. परत आला आणि म्हणाला, रस्त्यावर कोणीच नाही.

त्याचं बोलणं संपलं...

आणि भोंपू बंगल्याच्या मागून वाजला.

मागे रस्ता नाही. तिथं न्हाणीघर आहे, काट्याचं कुंपण आहे आणि पुढे सरळ जंगल.

आवाज अगदी बरोबर होता. शेवटी फाटलेला. मग तो थांबला, जणू उत्तराची वाट पाहत होता. थोड्या वेळानं पुन्हा वाजला. तसाच. पुन्हा थांबला.

कुणी भोंपूला हात लावला नाही. नत्थुजीनं कंदील खाली ठेवला आणि आत जाऊन मागचं दार लावून घेतलं. कडी दोनदा घसरून मग बसल्याचा आवाज ओसरीवर आला.

कमलाकांत हलक्या आवाजात म्हणाला, "हे जर इथं आहे, तर कुर्बान कुठं आहे?"

आम्ही तिघेही परत निघालो. कुणी मागे थांबायला तयार नव्हता आणि कुणी एकटा जायलाही. आता दिवे लावावे लागले. धूळ नको म्हणून जवळजवळ राहिलो. भोंपू वाजवायचा नाही, हे न बोलता ठरलं.

मी रस्त्याची कड बघत होतो. कमलाकांत आणि जानराव हाका मारत होते. जानराव एकदा म्हणाला, अकीलाभाभीला काय सांगायचं? कमलाकांतनं त्याला गप्प केलं.

घटांगच्या अलीकडे, ते मोठं वळण यायच्या जरा आधी, उजवीकडे एक जुनी गाडीवाट फुटते. तोडलेली लाकडं नेण्यासाठी केलेली, नंतर सोडून दिलेली. जाताना मला ती दिसलीही नव्हती. आता दिव्यात पाचोळ्यावर एका चाकाची रेघ दिसली.

रेघ आत वळली होती.

गाड्या सोडून आम्ही पायी आत गेलो. दिवा म्हणून फक्त कमलाकांतचा टॉर्च. वाट उतरत गेली, अरुंद होत गेली. मग एकदम संपली. पुढे खोरं.

काठावर फटफटी आडवी पडली होती. पुढचं चाक हवेत होतं.

कुर्बान नव्हता.

जानरावनं त्याचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. उत्तर नाही. दुसरी हाक. उत्तर नाही. टॉर्चचा झोत खाली गेला तेव्हा तो दिसला. काठाच्या थोडं खाली, सागाच्या एका खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून बसलेला. डोळे उघडे. आमच्याकडे बघत होता.

त्यानं मफलर फाडून त्याचे बोळे कानात कोंबले होते.

मी खाली उतरायला लागलो तसा तो आणखी मागे सरकला. मागे जागा नव्हती. दोन ढेकळं सुटून खाली गेली आणि पडल्याचा आवाज फार वेळानं आला.

मी थांबलो. हातानं खुणा केल्या, बोळे काढ. त्यानं एक काढला.

"कुर्बान, मी नारायण."

"मघापासून तूच बलावून राहिला ना मले," तो म्हणाला. "पयले जान्या, मंग तू, मंग वकील. तुमीच हाये हे मले कसं कळावं?"

त्याचा आवाज शांत होता. त्या शांतपणाची मला अजून भीती वाटते.

मी टॉर्च मागितला, स्वतःच्या तोंडावर धरला आणि दुसरा हात पुढे केला. कुर्बाननं बराच वेळ त्या हाताकडे पाहिलं. मग एक बोट लावलं. हात गरम लागला असावा, कारण त्यानं खोड सोडलं आणि दोन्ही हातांनी माझं मनगट धरलं. आम्ही त्याला वर ओढलं. घोट्याचं हाड सरकलं होतं. बाकी खरचटलं होतं, इतकंच.

वर आल्यावर तो तुटक तुटक बोलला. ते मी जमेल तसं जोडून सांगतो.

घटांग सोडल्यावर त्याची चेन पडली. थांबायची खूण म्हणून त्यानं भोंपू जोरात दाबला, तर जुना फुगा हातातच फाटला. भोंपू वाजलाच नाही. त्याला वाटलं, पुढच्या वळणावर भोंपू आला नाही की हे लोक परत येतील. तेवढ्यासाठीच तर कायदा होता. तो निवांत चेन बसवत बसला.

तर पुढून उत्तरं आली. जानरावचा लांब भोंपू, मग माझा, मग कमलाकांतचा घोगरा. न वाजवलेल्या भोंपूला उत्तरं.

त्याला नवल वाटलं. पण गाडी सुरू करून तो निघाला. वळण ओलांडलं आणि भोंपू डावीकडून आले. आम्ही आडवाटेनं कुठं तरी पाण्यावर थांबलो असू, असं समजून तो वळला. भोंपू पुढे, खाली, आणखी खाली. प्रत्येक वेळी त्याच क्रमानं. जानराव, मी, कमलाकांत. पुढचं चाक काठावरून सुटलं तेव्हा त्यानं उडी टाकली आणि खोड हाती लागलं.

"मंग बी वाजून राहिले होते," तो म्हणाला. "माह्या पायाखालून."

त्यानं खिशातून फाटलेला रबरी फुगा काढून दाखवला. मधोमध उभा चिरलेला.

मी रोजच्या सवयीनं मनात घटना क्रमानं लावत होतो. कुर्बान मागे राहिला. आम्ही पुढे गेलो. आम्हाला त्याचा भोंपू ऐकू येत होता आणि त्याला आमचे.

म्हणजे आमच्या मधे कोणी तरी होतं.

जानरावच्या मागे आणि कुर्बानच्या पुढे.

मी जानरावकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "म्या मागं पायलं होतं एकदा. धुळीत होता. म्या म्हटलं, कुर्बानच हाये."

कमलाकांतनं विचारलं, गाडी कोणती होती?

"गाडी नाही पायली," जानराव म्हणाला. "माणूस बसल्यावानी दिसला. तेवढ्याच उंचीवर."

एवढं तो त्या दिवशी बोलला. पुन्हा कधी नाही.

कुर्बानची फटफटी तिथंच सोडली. परतवाड्याकडे उतरायला आमच्यात धीर नव्हता, सेमाडोह जवळ होतं. कुर्बानला मी माझ्या मागे बसवलं. पुढे कमलाकांत, मग जानराव, शेवटी मी.

निघाल्यावर माझ्या ध्यानात आलं. आता शेवटचा मी होतो. कायद्यानं आधी वाजवायचं माझं काम होतं.

पहिलं वळण आलं. मी हँडल घट्ट धरलं. भोंपूला बोटही लावलं नाही.

पुढे जानरावचा भोंपू वाजला. लांबलचक.

मला राग आला. वाजवायचं नाही हे ठरलं असताना हा का वाजवतो? मग कमलाकांतचा घोगरा आवाज आला, आणि राग जिरला.

जानराव आपल्या मनानं वाजवत नव्हता. तो उत्तर देत होता. भीतीनं बधिर झालेल्या माणसाचा हात सवयीनं चालतो, तसा त्याचा चालला होता. कमलाकांतचाही.

त्यांना मागून भोंपू ऐकू आला होता.

"कुर्बान," मी विचारलं, "तू काही ऐकलं?"

त्याचं तोंड माझ्या पाठीत खुपसलेलं होतं. कपाळ पाठीवर घासलं गेलं. होय म्हणून.

"कोणाचा?"

त्यानं पाठीवरून तोंड उचललं. मग माझ्या कानाशी आला.

"तुहा," तो म्हणाला. "एक आखूड, एक लांब."

सकाळी उजेडात आम्ही सिपनेवर गेलो. तीन गाड्यांचे भोंपू काढून डोहात टाकले. कुर्बानची गाडी परतवाड्याच्या दोन माणसांनी भर दुपारी जाऊन आणली. तिच्यावर भोंपू नव्हता. पट्टा होता, स्क्रू होते, भोंपू नव्हता. खोऱ्यात पडला असेल, असं कमलाकांत म्हणाला. आम्ही मान डोलावली.

कुर्बान रविवारी दिवे लागायच्या आत अकोल्याला पोचला. मुलीचं नाव तारा ठेवलं. ती आता शाळेत जाते. तो मात्र फटफटीवर पुन्हा बसला नाही. अमरावतीला यायचं झालं तर रेल्वेनं बडनेऱ्यापर्यंत येतो आणि स्टेशनात इंजिनानं शिटी दिली की दोन्ही कानांवर हात ठेवतो. आमचे माघातले शनिवार संपले. लढाईत पेट्रोलला कूपनं लागली तेव्हा मीही गाडी विकून टाकली.

आठ वर्षं काही घडलं नाही.

गेल्या मंगळवारी सकाळी इतवारा बाजारात कुंदावहिनी भेटल्या. कमलाकांत खटल्यासाठी नागपूरला गेला आहे. त्यांना यातलं काही माहीत नाही. आम्ही चौघांनीही घरी फक्त कुर्बान पडला एवढंच सांगितलं होतं.

"भावजी, रागावलात का आमच्यावर?" त्यांनी विचारलं.

मी विचारलं, का?

"काल दिवेलागणीला भोंपू वाजवलात. मी आधण ठेवलं. आतूनच म्हटलं, या, दार नुसतं लोटलेलं आहे. आणि आलाच नाहीत."

गाडी कधीच विकली, याची मी त्यांना आठवण करून दिली.

"हो की," त्या म्हणाल्या. "माझ्या लक्षातच आलं नाही. पण तुमचाच आवाज, भावजी. इतक्या वर्षांनी ऐकला तरी ओळखला."

मी एकच प्रश्न विचारला. फटफटीचा आवाज आला होता का?

त्या विचारात पडल्या.

"नाही. मला वाटलं, ढकलत आणली की काय. चहा घेऊन बाहेर आले, तर ओसरी रिकामी आणि दार सताड उघडं. वाऱ्यानं उघडलं असेल."

सोमवारी संध्याकाळी अमरावतीत वारा नव्हता. हवामानाच्या चार ओळी मीच लिहितो.

मी त्यांना एवढंच सांगितलं, की कमलाकांत येईपर्यंत भोंपू ऐकून कुणाला आत बोलवू नका. माझा वाटला तरी. मी आलो तर दारात उभा राहून हाक मारीन.

त्या हसल्या. मी थट्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं.

"काल हाकही आली होती, भावजी," त्या म्हणाल्या. "मी आधण उतरवत होते तेव्हा. 'वहिनी' म्हणून. मग तुम्हीच आहात, हे मला कळायचं कसं?"